सॉफ्टवेअर परत टाकून जुना ड्रायव्हर जात नाही

कॉम्प्युटरवरून नेटवर्क फॅक्स पाठवला की छपाई कोसळते, या प्रश्नावर अँटीव्हायरस बंद करा आणि फॅक्सचं सॉफ्टवेअर काढून परत टाका, असं वर दोघांनी सुचवलंय. अँटीव्हायरसचं एकवेळ पटतं. पण नेटवर्क फॅक्स हा विंडोजच्या लेखी एक प्रिंटरच असतो. सॉफ्टवेअर काढलं तरी त्याचा ड्रायव्हर (विंडोजला त्या यंत्राशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) बऱ्याचदा तिथेच ठाण मांडून बसतो. विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमधल्या 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'च्या 'ड्रायव्हर्स' टॅबवरून तो पॅकेजसकट (म्हणजे त्याच्या इन्स्टॉलेशनच्या फाइल्ससकट) काढावा लागतो. आणि त्याआधी कृपा करून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची एररची नोंदवही) उघडा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची एरर शोधा, 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोर (म्हणजे जिच्यात बिघाड झाला ती) कुठली फाइल आहे ते इथे टाका. नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात असंच चाललं होतं. फॅक्स पाठवला की प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) कोसळायचा, सोबत बिलांची छपाईही ठप्प. बाहेर ट्रक भरून उभा आणि ट्रकवाला दारात बिलासाठी खोळंबलेला. अर्धवट गेलेला एक फॅक्स स्पूलरच्या फोल्डरमध्ये पडून होता. सर्व्हिस सुरू झाली की तोच उचलायची आणि पुन्हा बंद पडायची. स्पूलर थांबवून विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या स्पूलखालचं 'प्रिंटर्स' फोल्डर रिकामं केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. नंतर 'प्रिंट मॅनेजमेंट'मध्ये त्या ड्रायव्हरचं आयसोलेशन 'आयसोलेटेड' करून ठेवलं, म्हणजे तो स्पूलरपासून वेगळा चालतो (विंडोज होममध्ये ही सोय मिळत नाही). आता फॅक्सचा ड्रायव्हर पडला तर एकटाच पडतो, बिलं निघत राहतात.