तुम्ही कुठली लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सवर बनलेली तयार ऑपरेटिंग सिस्टिम) वापरता आणि तिच्यावरच का टिकलात?

जुना_लॅपटॉप
ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, माझ्या लॅपटॉपवर ११ चालत नाही, पण मशीन अजून ठणठणीत आहे, रॅम ४ जीबी, एसएसडी मागच्या वर्षीच टाकलाय, टाकून द्यायला जीव होत नाही. पेनड्राइव्हवरून मिंट आणि फेडोरा लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालवून बघितले, दोन्ही आवडले आणि तिथेच अडकलोय. बेस्ट कुठली ते नकोय मला, तुम्ही स्वतः काय वापरता आणि का ते सांगा.

स्टेबलवाला
डेबियन. मधे दोनतीनदा दुसरीकडे जाऊन परत आलो. मला मशीन चालू केल्यावर सगळं काल होतं तसंच दिसायला हवं. स्टेबलचं (डेबियनच्या मुख्य, स्थिर आवृत्तीचं) नवं व्हर्जन साधारण दोन वर्षांनी येतं, १२ आलं जून २०२३ ला, १३ ऑगस्ट २०२५ ला, मधल्या काळात बहुतेक सिक्युरिटी आणि बग फिक्सचेच अपडेट. पॅकेजेस जुनी असतात हे खरंय, पण एखादं ॲप नवंच हवं असेल तर तेवढंच फ्लॅटपॅकवरून (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारी स्वतंत्र ॲप्स) घेतो. पूर्वी वायफायचं फर्मवेअर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्ये नसायचं, वेगळ्या पेनड्राइव्हवर फाइल घेऊन बसायला लागायचं, १२ पासून ते आतच येतं, तेव्हा त्या कारणाने सोडलेल्यांनी परत एकदा बघाच. आणि १९९३ पासून स्वयंसेवक चालवतायत, कुठली कंपनी मालक नाही, याचं मला फार मोल वाटतं.

रोलिंग_रोलिंग
मी अगदी उलट, मला नवं लागतंच. आधी आर्चवर होतो (रोलिंग डिस्ट्रो, म्हणजे मोठी व्हर्जन्स नाहीत, नवे अपडेट सतत येतात), एकदा चार महिने अपडेट केलं नाही आणि घाईत एकच पॅकेज हवं होतं म्हणून पॅकमनला (आर्चचा पॅकेज मॅनेजर) पूर्ण अपडेट न करता नुसती यादी रिफ्रेश करून ते टाकलं. लायब्ररी नवी आणि बाकी सिस्टिम जुनी, रीस्टार्ट केलं तर काळी स्क्रीन. चूक माझीच, आर्च विकीवर असं करू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. लाइव्ह पेनड्राइव्हवरून क्रूट करून (बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरून) पूर्ण अपडेट चालवलं तेव्हा पहाटे कुठे डेस्कटॉप दिसला, पण त्या एका रात्रीत बूट कसं होतं ते जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. आता ओपनसुसे टम्बलवीड, तीही रोलिंगच. तिच्या बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर स्नॅपर नावाचं टूल प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची नोंद) घेतं, काही बिघडलं तर बूट मेनूतून कालचा निवडायचा, कामाला लागायचं.

टोपीवाली
फेडोरा. नवंही आहे आणि रोज अपडेटच्या मागे धावावं लागत नाही. फक्त एक व्हर्जन जेमतेम १३ महिने चालतं, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करायलाच लागतं, त्याचा कंटाळा असेल तर नका घेऊ.

पुदिना
बाबांच्या मशीनवर मिंट टाकून दिलं, माझ्याही त्यावरच आहे. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपसह मिळतं, ४ जीबीला सिनॅमन नको, हलकं एक्सएफसीई घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तोवर निवांत. टाइमशिफ्ट (सिस्टिमचे स्नॅपशॉट घेणारं टूल) पहिल्याच दिवशी लावा, पण ते फक्त सिस्टिम परत आणतं हां, फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यायचा. आणि लाइव्हमध्ये वॉलपेपर बघत बसू नका, झाकण बंद करून उघडा, माइकवर बोलून बघा, ब्राइटनेसची बटणं दाबा, प्रिंटर जोडा. डिस्ट्रो तिथेच ठरते.

जुना_लॅपटॉप
सगळ्यांचे मनापासून आभार. झाकणाची टेस्ट दोन्हीवर पास झाली, पण व्हिडिओ कॉल लावून चार टॅब उघडले तर फेडोराच्या ग्नोम डेस्कटॉपवर माऊस अडखळायला लागला, एक्सएफसीईवर कॉल नीट चालला. मिंट एक्सएफसीई टाकलंय. होम (माझ्या फाइलींचं फोल्डर) डिस्कच्या वेगळ्या पार्टिशनवर ठेवलंय, म्हणजे पुढे कधी डेबियनकडे वळलो तरी फाइली हलवायला नकोत. टाइमशिफ्टचा पहिला स्नॅपशॉट आत्ता चालू आहे.