ध्वनिपुस्तक: हेल चालेल, पत्र्यावरचा पाऊस चालेल का?

दापोलीकर: ध्वनिपुस्तकासाठी फुकट वाचून देणाऱ्याचं रेकॉर्डिंग परत कधी पाठवावं? माझ्या मते कारणं दोनच: शब्द गाळला-बदलला, किंवा नीट ऐकू येत नाही. लिब्रिव्हॉक्स हे स्वयंसेवकांनी वाचलेल्या फुकट ध्वनिपुस्तकांचं संकेतस्थळ २००५ पासून साधारण असंच चालतं. तपासणारा चुका हुडकत ऐकतो, वाचनशैलीवर निकाल देत नाही. फाइलचा दर्जा १२८ केबीपीएस, आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास, संपलं. कोकणी हेल काढला म्हणून परत पाठवणं हे नुसतं सोवळं.

वेंगुर्ला किनारा: हेल राहू द्या हो, नाकातला सूरही राहू द्या. पण 'जरा थांब'मधला ज दंत्य, म्हणजे 'जग'मधला नव्हे तर 'जाळं'मधला, आणि 'जराव्याधी'तला, म्हणजे म्हातारपणातला, तालव्य, 'जग'सारखा. तिथे गल्लत झाली की अर्थच जातो. 'तण' आणि 'तन' तसंच. छापताना दोन्ही ज सारखेच, त्यामुळे वाचणाऱ्यालाच ठाऊक हवं. अंध श्रोता पान उघडून खात्री कशी करणार?

दापोलीकर: मग ते 'शब्द बदलला'मध्येच मोडतं. नवं कलम कशाला?

कौलारू: उच्चारावर भांडताय, पण आपल्याकडे फायली नापास होतात त्या पावसापायी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधली आवाज-सफाई खोलीतल्या शांततेचा नमुना घेऊन तेवढंच वजा करते. पंख्याची एकसुरी घरघर तिने जाते. पत्र्यावरची सर क्षणाक्षणाला बदलते, गाजेचंही तेच, नमुना जुळतच नाही. मग लोक सफाईचं प्रमाण १२ डेसिबलवरून २४ वर नेतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. असली 'साफ' केलेली फाइल मी आधी नापास करीन. मागे थोडा पाऊस राहिलेली, शब्द स्पष्ट असलेली पास.

वेंगुर्ला किनारा: हे नाही पटत. आठ तासांच्या पुस्तकात मागचा पाऊस डोकं उठवतो. विकतच्या पुस्तकांना शब्दांमधल्या शांततेतला मागचा आवाज उणे ६० डेसिबलखाली लागतो (आकडा जितका उणे तितकं शांत); आपण निदान उणे ५० तरी धरू.

दापोलीकर: म्हणजे जून ते सप्टेंबर तोंड बंद?

कौलारू: पत्र्याची पडवी सोडा, माजघरात बसा. मागे-बाजूला गोधड्या टांगा, पंखा बंद. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'भ'चा फटका बसत नाही. सर आली की थांबा आणि ते वाक्य पहिल्यापासून घ्या. मध्येच जोडलंत तर मागचा आवाज तुटलेला कळतो. आणि सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहून खोली रेकॉर्ड करा. हे निम्मे लोक विसरतात, मग सफाईला नमुना आणायचा कुठून?

वेंगुर्ला किनारा: बरं, उणे ५० नाही, ४५. पण 'जरा' सोडणार नाही.