केळी खरेदीच्या नोंदींसाठी एसक्यूलाइट की पोस्टग्रेस?

प्रश्न: रावेर तालुक्यातील केळी खरेदी केंद्रासाठी वजन, दर आणि शेतकऱ्यांची देणी नोंदवणारी प्रणाली आम्ही तयार करत आहोत. माहिती साठवण्यासाठी एसक्यूलाइट की पोस्टग्रेस यांपैकी कोणता डेटाबेस, आणि प्रणालीच्या पडद्यांच्या (स्क्रीनच्या) आराखड्यासाठी फिग्मा की पेनपॉट यांपैकी कोणते डिझाइन साधन निवडावे?

उत्तर १: एकाच संगणकावर नोंदी होणार असतील तर एसक्यूलाइट उत्तम, कारण सारी माहिती एका फाइलमध्ये राहते आणि वेगळा सर्व्हर लागत नाही. मात्र त्यात एका वेळी एकच लेखन होते, आणि ती फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी उघडणे धोक्याचे असते. त्यामुळे वजनकाटे अनेक असून त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या संगणकांवरून होणार असतील, तर पोस्टग्रेसच घ्यावे. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब चुकता कामा नये, म्हणून रक्कम पोस्टग्रेसमध्ये ‘न्यूमेरिक’ (अचूक दशांश) प्रकारात, तर एसक्यूलाइटमध्ये रुपयांचे पैसे करून पूर्णांकात साठवावी.

उत्तर २: पेनपॉट मुक्त स्रोत असून स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. फिग्माही चांगलेच आहे. पण आराखडा कशातही करा, वजनाचे आकडे मोठे आणि ठळक ठेवा. खानदेशातल्या उन्हात फिकट अक्षरे वाचता येत नाहीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्याकडे तीन वजनकाटे आहेत, त्यामुळे पोस्टग्रेस निश्चित करतो.