जुन्या गाडीला नवा कार्बोरेटर: जेटचे आकडे उसने घेऊ नका

धागाकर्ता
जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचा झिजलेला अमाल कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) काढून जपानी मिकुनी व्हीएम बसवला की पुढचा प्रश्न ठरलेला: 'जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे सुटे भाग) कुठले टाकू?' कुणीतरी आपल्या गाडीचे आकडे देतो आणि ते तसेच्या तसे घातले जातात. याला माझा ठाम विरोध आहे. त्याचा सायलेन्सर, एअर फिल्टर, कॅम तुमच्यासारखे असतीलच असं नाही. शिवाय दोन कंपन्यांचे आकडे एका मापात नसतात. स्लाइड म्हणजे मूठ फिरवली की वर सरकून हवेची वाट उघडणारा भाग; अमालच्या स्लाइडवरचा ३ म्हणजे ३/१६ इंच, जवळपास ४.८ मिमीचा काप. मिकुनीचा ३.० म्हणजे सरळ ३ मिमी. अमालच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे त्यातून मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो. दुसऱ्या कंपनीच्या जेटवर तोच आकडा दिसला तरी तेवढंच पेट्रोल जाईल असं धरून चालू नका.

त्यापेक्षा ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर खुणा करा. मूठ बंद ते १/८ उघडी असताना पायलट जेट (मूठ सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारा, म्हणजे आयडलिंगचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू (त्याची हवा कमी-जास्त करणारा) बोलतात, १/८ ते १/४ स्लाइडचा काप, १/४ ते ३/४ नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि ती ज्यात सरकते तो नीडल जेट, त्यापुढे मेन जेट. गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात मात्र मेन जेटपासून करा. पूर्ण रेसवर पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जळतो, आयडलिंग बिघडलं तर गाडी फक्त बंद पडते. मेन, पायलट, काप, नीडल, आणि शेवटी पुन्हा एकदा पायलट, असा क्रम ठेवा.

प्रतिसाद १
असहमत. मुळात अमाल काढायचाच कशाला? अमालच्या जुन्या कॉन्सेंट्रिक मॉडेलचं दुखणं एकच: बॉडी आणि स्लाइड दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या, एकमेकींवर घासून झिजतात. मग कडेने हवा शिरते आणि आयडलिंग एका जागी राहत नाही. अमालच्याच नव्या प्रीमियरमध्ये हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची स्लाइड येते, तो प्रश्न बराचसा मिटतो. बोल्ट तेच, केबल तीच, आणि त्या इंजिनासाठी कारखान्याने काढलेली सेटिंग छापील मिळते. ती हाताशी असताना शून्यापासून ट्यूनिंग करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

धागाकर्ता
प्रीमियर चांगला आहे, वाद नाही. पण ती छापील सेटिंग त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला हवेचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, याला साधारण १४.१ ला १. म्हणजे तोच जेट, तीच हवा, आणि मिश्रण आपोआप लीन (पेट्रोल कमी). तेव्हा मूळ कार्बोरेटर ठेवला तरी खुणा करून तपासावंच लागणार.

प्रतिसाद २
तुम्ही दोघेही दोन पायऱ्या वरून बोलताय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंटचा (ठिणगीच्या स्विचचा) गॅप, टायमिंग (ठिणगीची वेळ) हे बरोबर नसेल तर कुठलाही कार्बोरेटर ट्यून होत नाही. वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी ॲडव्हान्स यंत्रणा अडकली असेल तर लक्षणं हुबेहूब पायलटच्या बिघाडासारखी दिसतात. नंतर हवेची गळती बघा. अमालचे नट जास्त आवळले की फ्लँज (इंजिनाला टेकणारी कड) वाकतो. सपाट काचेवर ठेवला की लगेच कळतं. फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची) पातळीही तपासा, ती चुकली तर सगळ्याच खुणांवरचं मिश्रण सरकतं. लोक हे सोडून जेटच्या डब्या मागवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक. अमाल आणि मिकुनी व्हीएममध्ये एअर स्क्रू आत नेला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. पण स्क्रू स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बहुधा पेट्रोल मोजणारा असतो आणि आत नेल्यावर मिश्रण लीन होतं. कार्बोरेटर बदललाय आणि हात जुन्या सवयीने फिरतोय, यात किती वेळ वाया जातो!

प्रतिसाद ३
खुणा, स्पार्क प्लगचा रंग, कानाचा अंदाज हे सगळं ठीक. पण आजच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीसारखा स्पष्ट बोलत नाही. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवा, मिश्रण आकड्यात दिसेल. पूर्ण रेसवर १२.५ ते १३ ला १ च्या आसपास आलं की काम झालं.

प्रतिसाद २
पूर्ण रेसपुरतं मान्य. आयडलला नाही. गाडी मिस मारली (एखाद्या वेळी मिश्रण पेटलंच नाही) की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि मिश्रण रिच असूनही मीटर लीन दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून पायलट मोठा केला की मिसफायर आणखी वाढतो. तिथे कानच वापरा: आयडल सर्वांत वर जाईल तिथे एअर स्क्रू थांबवा. तो अर्ध्या फेऱ्याच्या आतच थांबला तर पायलट लहान आहे, अडीच-तीन फेरे बाहेर न्यावा लागला तर मोठा.

प्रतिसाद १
हे पटलं. प्रीमियरचा आग्रह मात्र सोडत नाही. चार-स्ट्रोकला .१०६ इंचाचा नीडल जेट असतो; इथेनॉलवर अर्ध्या मुठीला गाडी ओढत नसेल तर आधी नीडल एक खाच वर घ्यायची, तेवढ्याने भागलं नाही तरच .१०७. छापील सेटिंगपासून एवढंच सरकायचं, आणि तेही एकेक करून.