सी-५०३ ला चाकणची ऑफर नाकारायचीये

सी-५०३ : मंडळी सोसायटीचा विषय नाहीये पण विचारतो, अॅडमिननी रागावू नये. मी इथे नाशिकलाच अंबडच्या कारखान्यात क्वालिटीत आहे हे बऱ्याच जणांना माहितीये. चाकणच्या एका कंपनीची ऑफर आलीये, पगार चांगला वाढतोय, आणि ज्या प्लांट हेडनी इंटरव्ह्यू घेतला तो माणूस तर मला फारच आवडला. पण बायको जिल्हा परिषद शाळेवर, आंतरजिल्हा बदली कधी होईल कोणी सांगू शकत नाही आणि झाली तरी तिकडे सेवाज्येष्ठता खालून सुरू. घरात सगळं बोलून झालं, आत्ता नाही जायचं असं ठरलंय. लेटर मेलवर आलंय, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा म्हणतायत. "नाही" तर म्हणायचंच आहे पण असं म्हणायचंय की पुढे कधी वेळ आली तर परत फोन करताना तोंड लपवायला नको.

ए-३०१ : इकडे राजीनामा टाकलायस का?

सी-५०३ : नाही काका.

ए-३०१ : मग निम्मं काम झालं. आणि तुझी इथे ५ वर्षं भरली का? नसतील तर ग्रॅच्युइटीचा विचार केलायस का? बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. आमच्या ओझरला एकाने काही महिने राहिले असताना सोडलं होतं, अजून हळहळतो.

सी-५०३ : भरायला थोडे महिने आहेत काका, पण खरं कारण ते नाही.

डी-१०२ : एवढं काय डोकं लावताय, फोन उचलू नका. दोन-चार दिवसांत त्यांना आपोआप कळतं. इंटरव्ह्यू झाल्यावर ते कधी आपल्याला कळवतात का? आपण तासन् तास रिसेप्शनला बसायचं आणि नंतर मेललाही उत्तर नाही. होऊ दे की त्यांचं पण तसंच.

ई-६०१ : १००% सहमत

बी-२०४ : डी-१०२ दादा, राग अगदी बरोबर आहे, मी स्वतः एचआरमध्ये आहे तरी म्हणते बरोबर आहे. पण आत काय होतं ते सांगते. ऑफर काढली की ती जागा आमच्याकडे भरल्यासारखी दिसते, दुसऱ्या नंबरचा जो उमेदवार असतो त्याला आम्ही कळवतो कळवतो करून अडकवून ठेवलेलं असतं. तुम्ही गप्प बसलात की तो बिचारा दुसरीकडे जातो आणि आम्ही परत पहिल्यापासून. मग सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे काहीतरी शेरा पडतो. नाही म्हणून कळवलं तर ऑफर डिक्लाइन, त्यात वाईट काहीच नाही, रोज होतं. पण फोन बंद करून जॉइनिंगच्या दिवशी आलाच नाहीत तर नो शो, आणि तो शेरा बघून पुढच्या वेळी सीव्ही उघडायचाच कोण. त्यामुळे सी-५०३ दादा शुक्रवारची वाट बघू नका, उद्याच सांगा.

डी-१०२ : शेरा वगैरे ठीके हो पण चाकणला कंपन्या काय एकच आहे का

सी-५०३ : अहो आमचा माल चाकणलाच जातो 😄 उद्या तेच साहेब वेंडर ऑडिटला आमच्या लाईनवर येऊन उभे राहिले तर मी मापाची गेज कुठल्या तोंडाने दाखवू

ए-३०१ : हा मुद्दा आहे. नाशिक काय आणि चाकण काय, धंद्यातली माणसं तीच. निमाच्या, म्हणजे इथल्या कारखानदारांच्या संघटनेच्या, प्रदर्शनात एका स्टॉलवर पाच ओळखीचे निघतात.

बी-१०३ : पगार कमी आहे म्हणून सांग ना. वाढवून देतील, नाही दिला तर आपोआप तुटलं. दोन्हीकडून आपलाच फायदा.

बी-२०४ : नको नको नको. समजा वाढवला, मग? तेव्हा काय नवीन कारण काढणार? तिथे खरा विचका होतो, समोरच्याला वाटतं हा नुसता घासाघीस करून इकडच्या साहेबाला आकडा दाखवणारा. आणि एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. तुम्ही जे कारण सांगता त्यावरच पुढचा फोन येतो की नाही ते ठरतं. पगार म्हणालात तर दोन वर्षांनी जास्त पगाराची चाकणचीच जागा घेऊन फोन येईल, परत तुम्ही नाही म्हणणार, तिसऱ्यांदा कोण करतंय. खरं कारण गाव आहे ना, मग गावच सांगा. उद्या त्यांनी सिन्नरला काही काढलं किंवा इकडच्या वेंडरांसाठी नाशिकला बसणारा क्वालिटीचा माणूस हवा झाला तर पहिलं नाव तुमचं आठवेल.

सी-५०३ : हे डोक्यातच आलं नव्हतं ताई. मी आपलं "कौटुंबिक कारणास्तव" एवढंच लिहिणार होतो.

बी-२०४ : त्यात काय कळतं कोणाला. आजारपण असेल तर भाग वेगळा, ते सांगायची गरज नाही. तुमचं कारण स्वच्छ आहे, एका ओळीत सांगा. एकाच ओळीत हां, बायकोच्या बदलीचा जीआर जोडू नका.

ई-६०१ : मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंय बघा, "आपल्या प्रतिष्ठित संस्थेने माझ्यावर दाखवलेल्या अमूल्य विश्वासाबद्दल मी अंतःकरणापासून ऋणी असून सखोल आत्मचिंतनानंतर अत्यंत जड अंतःकरणाने…" पुढे अजून तीन पॅरा आहेत

डी-१०२ : हे लग्नाला न येऊ शकल्याचं पत्र आहे का

बी-२०४ : 😂 पहिल्या दोन शब्दांत कळतं आम्हाला. आधी फोन करा, तोही एचआरच्या मुलीला नंतर, प्लांट हेडना आधी, कारण वेळ त्यांनी दिलाय. मग लगेच मेल. मी मराठीत टाकते, इंग्रजी तुम्ही करा :
"सर, आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे ही ऑफर मी स्वीकारू शकत नाहीये. पत्नीची नोकरी नाशिक जिल्ह्यात आहे आणि इतक्यात बदली शक्य दिसत नाही, म्हणून नाशिक सोडता येत नाही. कामात किंवा पगारात माझी काही अडचण नव्हती. तुम्ही लाईनवर फिरवून रिजेक्शनबद्दल जे बोललात ते मला फार आवडलं. नाशिक किंवा सिन्नर भागात काही काम निघालं तर मला जरूर विचारा."
बास. "पुढे संधी मिळाल्यास आनंद होईल" असलं काही नको, ते सगळेच लिहितात.

सी-५०३ : लाईनवर फिरवलेलं तुम्हाला कसं माहीत?

बी-२०४ : अंदाजाने टाकलं, तुमचं जे खरं असेल ते घाला. पण काहीतरी त्या दिवसातलंच हवं.

ए-७०२ : वकील म्हणून एक भर घालतो. समजा कोणी सही करून बसला असेल तरी घाबरू नये, वैयक्तिक नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. मात्र जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवायचे पैसे आगाऊ घेतले असतील तर ते परत करावे लागतात, लेटरमध्ये तसं लिहिलेलं असतंच. सी-५०३ नी सही केलेली नाही त्यामुळे प्रश्नच नाही.

बी-२०४ : आणि कन्सल्टंटमार्फत गेला होता का? असाल तर त्यालाही सांगा पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्याचे पैसे तुम्ही जॉइन झाल्यावर मिळतात, तो तुमचं "नाही" शेवटपर्यंत पुढे पोचवणारच नाही, "जरा विचार करतायत" म्हणत राहील.

सी-५०३ : हो कन्सल्टंट आहे. आत्ताच तीन मिस्ड कॉल आहेत त्याचे.

डी-१०२ : मी तरी म्हणतो इकडच्या साहेबाला ते लेटर दाखवून पगार वाढवून घ्या, फुकट घालवू नका

ए-३०१ : दाखवलं की ह्याचं नाव "जाणारा" म्हणून पडतं, मग प्रमोशनच्या यादीत सगळ्यात शेवटी. हे मात्र माझं मत आहे, हल्ली चालत असेल तर माहीत नाही.

बी-२०४ : काका चालतं कधीकधी, पण मग चाकणला खरं कारण नाशिक होतं हे सांगायला तोंड राहत नाही, फिरून त्यांच्या कानावर जातंच.

(दुसऱ्या दिवशी)

सी-५०३ : झाला फोन. आधी दोन मिनिटं एकदम शांत झाले, मला वाटलं संपलं. मग म्हणाले की अरे मला वाटलं पगारावरून अडलंय म्हणून मी वर बोलून ठेवलं होतं. नाशिकचं सांगितल्यावर म्हणाले बरं झालं आठवड्याच्या आत सांगितलंस, आणि कोणी ओळखीतला सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन) चालवणारा, पीपॅपची (नवीन पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची) कागदपत्रं करणारा असेल तर नाव पाठव. मेल पण टाकला, ताईंचाच, रिजेक्शनच्या जागी त्यांनी दाखवलेलं फिक्श्चर घातलं.

बी-२०४ : नाव नक्की पाठवा, पण ज्याची तुम्ही खात्री देऊ शकता त्याचंच.

ए-३०१ : माझा भाचा आहे. डिप्लोमा, टूल रूमला ३ वर्षं, सीएमएम येतं. चाकणला जायला एका पायावर तयार, लग्न व्हायचंय अजून.

सी-५०३ : काका पीडीएफ पाठवा त्याचा सीव्ही. कागदाचा फोटो काढून नको, मागच्या वेळी पाण्याच्या बिलाचा पाठवला होतात तसा.