पॅकेज मोठं म्हणजे साहेब हुशार?

लेथवाला_अंबड: नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात (नाव नको) क्वालिटीला आहे. जुने प्लांट हेड व्हर्नियर (माप घ्यायची पट्टी) खिशात घालून फ्लोअरवर फिरायचे. दोन वर्षं कानीकपाळी ओरडले, की पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटर १५ मिनिटं मशीनवर एकत्र राहू द्या, रिजेक्शन (माल बाद होणं) तिथंच होतंय. वरून उत्तर: ओव्हरटाइम कोण देणार? ते रिटायर झाले. नवे साहेब पुण्याहून आले, त्यांच्याआधी आकडा कॅन्टीनमध्ये पोचला, दीड कोटी! तिसऱ्या महिन्यात त्यांनी तीच १५ मिनिटं स्लाइडवर टाकली. टाळ्या, मंजुरी, सगळं. अक्कल पगारातून येते का?

गंगापूररोड_एचआर: भाऊ, जुन्यांनी सांगितलं, नव्यांनी करून घेतलं. वरच्यांच्या गळी उतरवणं हेच त्या खुर्चीचं काम. शिवाय कमी पॅकेजवर पुणे सोडून अंबड-सिन्नरला कुणी येत नाही, मी रोज फोन करते.

लेथवाला_अंबड: गळी उतरलं कसं ते बघा ना. दीड कोटी मोजून आणलेल्या माणसाला नाही म्हटलं तर आणणाराच येडा ठरतो.

हिशेबनीस: कॅन्टीनवर काय विसंबता? कंपनी कायदा २०१३, कलम १९७. लिस्टेड कंपनीला संचालकाचा पगार मधल्या (सगळे पगार ओळीनं लावले की बरोबर मध्ये येणाऱ्या) कर्मचाऱ्याच्या किती पट, हे छापावं लागतं.

लेथवाला_अंबड: आमची प्रायव्हेट लिमिटेड. आमचा वार्षिक अहवाल म्हणजे चहावाला.

सिडको_काकू: स्थळं बघताना तरी आपण दुसरं काय विचारतो? पॅकेज ऐकलं की मुलगा आपोआप 'समंजस' वाटायला लागतो. 😄

गंगापूररोड_एचआर: मग मुकेश अंबानींचं काय? २००८-०९ पासून पगार १५ कोटींवर थांबवला, २०२०-२१ पासून घेतच नाहीत. त्यांना कुणी कमी लेखतं का?

हिशेबनीस: ते मालक आहेत हो! शेअर त्यांचे, लाभांश त्यांचा. नोकरदार साहेबानं शून्य पगार सांगितला तर गेटवरचा वॉचमन तरी सलाम ठोकेल का?

लेथवाला_अंबड: एचआर ताई, एक कबूल. रिजेक्शन खरंच कमी झालं, खोटं कशाला बोलू. जुन्या साहेबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "झालं ना एकदाचं, बरं झालं." मग जरा थांबून, हळूच, "दीड कोटी खरंय का रे?"