‘गेन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
हेवी रॉकसाठी गिटारच्या अ‍ॅम्पचा टोन कसा बसवायचा, यावर मराठीत लिहितेय. ‘गेन’साठी ‘वर्धन’ घ्यावं तर वाचक तो आवाज मोठा करायचा नॉब समजेल. ‘मिड’ला ‘मध्य सप्तक’ चालेल का? आणि ‘प्रेझेन्स’चं काय?

प्रतिसाद १:
‘वर्धन’ चूक नाही, पण वाजवणाऱ्याच्या कामाचं नाही. प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात, गिटारचा सिग्नल किती जोरात ढकलायचा हे गेन ठरवतो. सिग्नल मर्यादेबाहेर गेला की लाटेचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर तयार होतात. आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो ते हेच, फक्त इथे तो मुद्दाम फाडायचा असतो! फाटलेला आवाज मोठा किती, ते पुढे मास्टर व्हॉल्यूम बघतो. मार्शल या अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपनीने १९७५मध्ये मास्टर व्हॉल्यूमवाला अ‍ॅम्प आणला. त्यांच्या आधीच्या अ‍ॅम्पवर असा टोन काढायचा तर कानठळ्या बसेपर्यंत आवाज चढवावा लागे.

प्रतिसाद २:
उपस्वरच वाढतात ना? मग तंबोऱ्याची ‘जवारी’, तारेचा तो उपस्वरांनी भरलेला झंकार, आयती आहे की!

प्रतिसाद १:
मोह होतो खरा, पण नको. जवारी प्रत्येक तारेची वेगळी. इथे सहाही तारांचा सिग्नल आधी एकत्र होतो आणि मग छाटला जातो, त्यामुळे सूर एकमेकांत मिसळून भलतेच सूर निघतात. षड्ज-पंचम त्यातून तरतात, गंधार घातला की चिखल. हेवी रॉकमधल्या पॉवर कॉर्डमध्ये नुसते षड्ज-पंचम असतात, गंधार नसतो, तो म्हणूनच. शिवाय जवारी जितकी खुलेल तितकी बरी, असं आपल्या मनात असतं. त्या भरात वाचक गेन शेवटपर्यंत फिरवेल, आणि रिफमधला, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यातला, एकही ठोका सुटा ऐकू येणार नाही. ‘गेन’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

प्रतिसाद ३:
‘मध्य सप्तक’ तर अजिबात नको. सप्तक सुराचं असतं, मिड हा कंपनसंख्येचा पट्टा. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, पण तिचा चावा मिडमध्येच असतो. ‘मधला पट्टा’ म्हणा. आणि ‘स्कूप’ला ‘मिड काढणे’ हे सरळ आहे. एकट्याने हळू वाजवताना मिड काढलेला टोन भारदस्त वाटतो. बँडमध्ये खालचा भाग बेस आणि किक ड्रम व्यापतात, वरचा झांजा, आणि गिटार गायब. लेखात हे ठळक करा.

‘प्रेझेन्स’ भाषांतरित करू नका. पुष्कळशा अ‍ॅम्पमध्ये तो पॉवर अ‍ॅम्पच्या (शेवटच्या टप्प्याच्या) फीडबॅकमधून, म्हणजे आवाज आवरायला मागे वळवलेल्या सिग्नलमधून, वरचा पट्टा कमी करतो, म्हणून टोकाची धार वाढते. ‘उपस्थिती’ वाचून कुणाला काय कळणार?

प्रश्नकर्ती:
पटलं. ‘टाइट’साठी ‘घट्ट’ लिहिलंय.

प्रतिसाद ३:
‘आवळलेला’ बघा. तळव्याने तारा दाबून मारलेला ठोका तिथल्या तिथे थांबतो, खाली खर्ज घुमत राहत नाही, हे त्यात येतं. आवळायचा कसा, तेही लिहा: खर्ज गेनच्या आधी कापायचा, नंतर नाही. अ‍ॅम्पच्या आधी खर्ज कापणारं ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात, त्याचा ड्राइव्ह (पेडलचा स्वतःचा गेन) जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल (बाहेर पडणारा सिग्नल) वर, ते यासाठीच.

प्रतिसाद २:
‘आवळलेला’ला माझं मत. जवारीवरचा हक्क मात्र सोडलेला नाही, क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, टोनच्या धाग्यावर भेटू.